नरसिंग यादव : रिओची कुस्ती आखाड्याबाहेर कशी गेली?

लाल_माती (धागाकर्ता)

आमच्या गावच्या तालमीत पोरं पहाटे साडेचारला उठतात. १९ ऑगस्ट २०१६ ला मात्र कुणी जोर मारायला उतरलं नव्हतं. आदल्या दिवशी, राखीपौर्णिमेला, साक्षी मलिकच्या ब्राँझची बातमी आली होती आणि वस्तादांनी स्वतःच्या खिशातून पेढे आणले होते. आज नरसिंगची कुस्ती, ७४ किलो. संध्याकाळी पडदा लावायचं ठरलं होतं. तेवढ्यात एका पठ्ठ्यानं मोबाईल वस्तादांपुढे धरला. चार वर्षांची बंदी. वस्तादांनी ते दोनदा वाचलं, मोबाईल परत दिला आणि लंगोट दोरीवर वाळत घालून घरी निघून गेले. थंडाईचे बदाम पातेल्यात तसेच भिजत पडले होते.

परवा तालमीत एका पोरानं विचारलं, "नरसिंग यादव म्हणजे तो डोपिंगवाला ना?" तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या मल्लाची ही एवढीच ओळख उरावी याचं फार वाईट वाटलं. म्हणून हा धागा.

पोरांसाठी थोडं आधीचं सांगतो. कुटुंब मूळचं वाराणसीकडचं, वडील पंचम यादव जोगेश्वरीत दुधाचा धंदा करायचे. पोरगा कांदिवलीच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात जगमाल सिंग यांच्या हाताखाली तयार झाला. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. २०११, २०१२, २०१३ अशी सलग तीन वर्षं मानाची चांदीची गदा त्याच्या खांद्यावर. तोवर सलग तीनदा ती कुणीच नेली नव्हती. पुढे विजय चौधरीनं बरोबरी केली. २०१२ ला अर्जुन पुरस्कार. लंडन ऑलिंपिकला पहिल्याच फेरीत हरला, पण २०१४ ला इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ आणि २०१५ ला लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ. त्या शेवटच्या पदकानं ७४ किलो गटात भारताला रिओचा कोटा, म्हणजे एक जागा, मिळाला.

आणि इथूनच सगळं बिनसलं.

सुशील कुमार ६६ किलोचा मल्ल. बीजिंगचं ब्राँझ आणि लंडनचं रौप्य त्यानं त्याच वजनात मिळवलं. लंडननंतर जागतिक संघटनेनं वजनगट बदलले, ६६ गेला, ६५ आला, ७४ आधीपासून होताच. सुशील वर सरकला आणि २०१४ ला ग्लासगोत ७४ मध्ये सुवर्ण घेऊन आला. एका म्यानात दोन तलवारी. २०१५ च्या जागतिक स्पर्धेच्या वेळी सुशील दुखापतीमुळे बाहेर होता, कोटा नरसिंगनं आणला. मग सुशीलनं निवड चाचणी मागितली, महासंघानं नकार दिला, आणि मे २०१६ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. ६ जूनला न्या. मनमोहन यांनी याचिका फेटाळली.

त्यानंतर तीन आठवडेसुद्धा झाले नाहीत. २५ जूनला सोनीपतच्या शिबिरात नाडानं (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) नमुना घेतला. ५ जुलैला दुसरा. दोन्हींत मेथँडिएनोन, बंदी असलेलं स्टेरॉइड. त्याच्याच खोलीत राहणारा संदीप तुलसी यादव, तोही त्याच द्रव्यात सापडला. संदीप रिओला जाणारच नव्हता! नरसिंगचं म्हणणं होतं की शिबिरातल्याच एका ज्युनिअर मल्लानं त्याच्या खाण्यापिण्यात भेसळ केली. पोलिसांत तक्रार झाली. १ ऑगस्टला नाडाच्या शिस्तपालन समितीनं त्याला निर्दोष सोडलं. तोवर त्याच्या जागी प्रवीण राणाचं नाव गेलं होतं, ते मागे घेतलं. पोरगं रिओला पोचलं. तिथे वाडानं (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) क्रीडा लवादाकडे, म्हणजे खेळातले वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायपीठाकडे, अपील केलं आणि लढतीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, चार वर्षांची बंदी आली. क्रीडाग्रामातून बाहेर काढलं. ७४ किलोत भारताकडून कुणीच उतरलं नाही. ना नरसिंग, ना सुशील, ना राणा.

माझं म्हणणं एवढंच आहे: हा मल्ल चार महिन्यांत तीन वेगवेगळ्या चौकटींपुढे (उच्च न्यायालय, नाडा, लवाद) उभा राहिला आणि त्यातल्या एकीतही त्याला कुस्ती खेळता आली नाही. तालमीत आपण काय शिकवतो? एका कुंडीत घोटलेली थंडाई, एकच तांब्या, सगळ्यांनी प्यायचं. जो तांब्या झाकून ठेवतो त्याला आपण कोत्या मनाचा म्हणतो. याच संस्कारात वाढलेला गडी ऑलिंपिकच्या शिबिरात गेला आणि तिथे नियम असा की तुझ्या पोटात जे जाईल त्याला तूच जबाबदार. हे त्याला कुणी, कधी, कोणत्या भाषेत समजावलं होतं?

---

कुंडल_आखाडा

लेख वाचून त्या सकाळची आठवण ताजी झाली. मी तेव्हा कुंडलच्या कुस्ती मैदानाच्या वर्गणीसाठी गावोगाव फिरत होतो. एका गावात एक म्हातारे पैलवान म्हणाले, "गड्याला पाठ टेकवून हरवा की." बाकी काहीच बोलले नाहीत.

---

शिरीष_भोर

लाल माती, धागा मनापासून लिहिलाय, पण सुशीलवर अन्याय होतोय असं वाटतं. आज त्याचं नाव घेणं कुणाला आवडत नाही हे मान्य. तरी २०१६ च्या मे महिन्यात उभे राहून बघा. दोन ऑलिंपिक पदकं असलेला एकमेव भारतीय मल्ल म्हणतोय, मला कुणाची जागा फुकट नको, एक कुस्ती लावा. यात चूक काय?

आपल्या खाशाबा जाधवांनी काय केलं होतं? १९५२ ला त्यांना डावललं तेव्हा पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागून त्यांनी चाचणी मिळवली, जिंकली, आणि हेलसिंकीहून ब्राँझ आणलं. गोळेश्वरच्या त्या गड्याला चाचणी नाकारली असती तर स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आलंच नसतं. खाशाबांचा हक्क तो हक्क आणि सुशीलचा तो हट्ट?

---

लाल_माती

शिरीषदादा, खाशाबांचं उदाहरण अंगावर आलं, खरं सांगतो. पण फरक आहे. खाशाबांना निवडीच्या स्पर्धेत लढून डावललं होतं. सुशील कोट्याच्या स्पर्धेला गेलाच नव्हता. दुखापत होती, त्याचा दोष नाही, पण जो गेला आणि जीव तोडून पदक घेऊन आला, त्याला दोन महिने आधी पुन्हा मातीत उतर म्हणायचं? पाय मुरगळला असता तर?

तरी एक कबूल करतो. महासंघानं वेगासहून परतल्यावर लगेच लेखी जाहीर करायला हवं होतं, कोटा आणणाराच जाणार की चाचणी होणार. आठ महिने दोघांनाही झुलवत ठेवलं. दोन चांगल्या मल्लांमधलं वैर त्या आठ महिन्यांत पिकलं.

---

अॅड_मृणाल

मी दिवाणी वकिली करते, क्रीडा कायदा हा माझा रोजचा विषय नाही, पण या प्रकरणातला लवादाचा निवाडा मी तेव्हा बारकाईनं वाचला होता. इथे बऱ्याच जणांना वाटतं की नाडानं सोडलं म्हणजे निर्दोष ठरला आणि परदेशी लोकांनी मुद्दाम अडकवला. तसं नाही. जरा सविस्तर लिहिते.

फौजदारी खटल्यात सरकार पक्षाला गुन्हा सिद्ध करावा लागतो, संशयाचा फायदा आरोपीला. डोपिंगच्या संहितेत चाक उलटं फिरतं. नमुन्यात द्रव्य सापडलं की नियमभंग झालाच. ते शरीरात कसं आलं हे खेळाडूनं दाखवायचं. २०१५ च्या संहितेनुसार स्टेरॉइड सापडलं तर थेट चार वर्षं. मुद्दाम घेतलं नव्हतं हे खेळाडूनं सिद्ध केलं तरच शिक्षा कमी होते, आणि आपली कसलीच चूक नव्हती हे सिद्ध केलं तर माफ होते. नाडाच्या समितीनं दिलासा दिला तो १०.४ या कलमाखाली, म्हणजे खेळाडूची काहीही चूक वा निष्काळजी नाही असं मानून.

लवादापुढे प्रश्न वेगळा आला. वाडानं माँट्रियलच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख क्रिस्टियान आयोट यांचं मत मांडलं. पहिल्या नमुन्यातलं प्रमाण इतकं जास्त होतं की पेयात पूड भुरभुरली म्हणून ते येणार नाही, एक-दोन गोळ्या पोटात गेल्यावर येतं तसं ते आहे, असं त्यांचं म्हणणं. याला तोडीस तोड शास्त्रीय उत्तर आपल्या बाजूनं गेलं नाही. लवादानं घातपात अशक्य आहे असं म्हटलेलं नाही. तो घडला असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त आहे हे पटवणारा पुरावा नाही, असं म्हटलं. आणि गोळ्या जाणूनबुजून घेतल्या असाव्यात असा निष्कर्ष काढला.

आता मला जे खुपतं ते. ऑलिंपिकच्या काळात लवादाचा एक तात्पुरता विभाग स्पर्धेच्या शहरातच बसतो आणि झटपट निकाल देतो. उद्या लढत आहे म्हणून आज निर्णय, ही त्याची गरजच आहे. पण ज्याच्यावर सिद्ध करण्याचं ओझं आहे त्याला त्या वेगाचा सगळ्यात जास्त फटका बसतो. सोनीपतच्या स्वयंपाकघरातला साक्षीदार रिओत कुठून आणायचा? पोलिस तपास अर्धवट. सीबीआयनं गुन्हा नोंदवला तो ऑक्टोबरमध्ये, बंदी आल्यावर दोन महिन्यांनी. माझ्या अशिलावर अशी वेळ आली असती तर मी आधी स्वतःचा विषशास्त्राचा तज्ज्ञ शोधला असता, साक्षीदार नंतर. आपल्याकडे घातपाताची गोष्ट सांगण्यात सगळी ताकद गेली आणि आकड्यांना आकड्यांनी उत्तर द्यायचं राहून गेलं.

---

मिरजेचा_औषधवाला

मृणालताईंनी कायदा छान उलगडलाय. मी द्रव्याबद्दल लिहितो.

मेथँडिएनोन म्हणजे जुनं डायनाबॉल. १९५० च्या दशकात बाजारात आलं. गोळीच्या रूपात घेतात, स्नायू झपाट्यानं भरतात, अंगात पाणी धरतं म्हणून वजनही चढतं. यकृतावर ताण येतो, रक्तदाब वाढतो, शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनणं मंदावतं. शरीरात त्याचे जे अवशेष बनतात ते आताच्या यंत्रांवर कित्येक आठवडे दिसतात.

म्हणूनच एक गोष्ट मला तेव्हाही पटली नव्हती. वजनाच्या गटात लढणारा अनुभवी मल्ल, ऑलिंपिक सहा-सात आठवड्यांवर, चाचणीवाले शिबिरात कधीही येऊ शकतात हे माहीत, तो असलं जुनाट, चटकन सापडणारं औषध का घेईल? अर्थात 'का घेईल' हा पुरावा होत नाही. जगात मोठमोठे खेळाडू याच द्रव्यात सापडलेत.

दुकानात मात्र रोज बघतो. विशीतली पोरं येतात, मोबाईलवर गोळीचा फोटो दाखवतात, "जिमच्या सरांनी सांगितलंय." चिठ्ठी मागितली की निघून जातात. कुठून तरी मिळवतातच.

---

वैशाली_का

मी कुस्तीतलं काही जाणत नाही. पण घरात घडलेलं सांगावंसं वाटलं.

माझा भाचा राज्य पातळीवर खेळायचा, वजन ६१. त्याला ओळखीच्या एका दुकानातून प्रोटीनचा डबा घेऊन दिला, मीच पैसे दिले होते, वाढदिवसाचे म्हणून. निळ्या झाकणाचा मोठा डबा, आत चमचा, सील व्यवस्थित. सहा महिन्यांनी स्पर्धेत नमुना घेतला आणि त्यात बंदी असलेलं उत्तेजक निघालं. डब्यावर त्याचं नाव नव्हतं. आम्ही दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला, बिल आणा. बिल कोण ठेवतं हो?

सुनावणीला तो डबा घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी अगदी नम्रपणे सांगितलं की हा उघडलेला डबा आहे, यात नंतर कुणी काय मिसळलं हे कसं ठरवायचं. त्यांचंही बरोबर होतं. पोराची दोन वर्षं गेली. आता तो दूध संघाच्या गाडीवर काम करतो. मी त्याच्यासमोर कुस्तीचा विषय काढत नाही. डबा माझ्या माळ्यावर अजून आहे. टाकवत नाही.

---

लाल_माती

वैशालीताई, वाचून थांबलो. तुमचा काही दोष नाही. भाच्याला एकदा आमच्या तालमीत घेऊन या, पोरांना शिकवायला. त्याच्याइतकं हे कुणाला कळणार?

---

रणजित_प

मे २०२१ मध्ये छत्रसाल स्टेडियमवर मारहाणीत तरुण मल्लाचा जीव गेला, त्या प्रकरणात सुशीलला अटक झाली. तेव्हाच नरसिंगच्या बाबतीत काय झालं असेल ते सगळ्यांना कळलं. वेगळा पुरावा कशाला हवा?

---

अॅड_मृणाल

रणजित, हा विचार अनेकांच्या मनात येतो, पण कृपा करून असं लिहू नका. ते प्रकरण न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागायचाय. आणि समजा उद्या लागला, तरी २०१६ च्या पेयात कुणी काय टाकलं हे त्यातून ठरत नाही. नरसिंगनं स्वतः तक्रारीत ज्याचं नाव दिलं तो वेगळाच मुलगा होता. एका माणसावर खटला चालू आहे म्हणून जुनी दुसरी गोष्ट त्याच्या खात्यावर टाकायची, तर मग नरसिंगला काही जाणून न घेता 'डोपिंगवाला' म्हणणाऱ्या पोरात आणि आपल्यात काय फरक राहिला?

---

रणजित_प

ताई, बरोबर आहे. रागाच्या भरात लिहिलं. मागे घेतो.

---

जोगेश्वरीकर

आम्ही पूर्वेला राहायचो, त्यामुळे या घराबद्दल आपुलकी आहे. धाग्यात २०१६ नंतरचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

बंदीची चार वर्षं सोपी नव्हती. नरसिंग महाराष्ट्र पोलिसांत अधिकारी आहे, खेळाडू म्हणून थेट नेमणूक झाली होती. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत एका उमेदवाराच्या प्रचारात दिसला म्हणून त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. तिथे मात्र मी त्याची बाजू घेणार नाही. पोलिसाच्या नोकरीत असताना प्रचारात जायचं नसतं हे त्याला ठाऊक असायलाच हवं होतं.

मग २०२० उजाडलं. टोकियो ऑलिंपिक ठरल्या वेळी झालं असतं तर बंदीतच निघून गेलं असतं. कोरोनामुळे ते वर्षभर पुढे ढकललं आणि बंदी संपताच तो शिबिरात परत हजर. त्या डिसेंबरमध्ये बेलग्रेडच्या विश्वचषकात ७४ किलोतच उतरला. वय ३१. पहिल्याच फेरीत हरला. मी ती कुस्ती मोबाईलवर बघितली. ताकद होती, पण समोरचा पट काढायला (पाय धरून पाडायला) खाली शिरला की याचे पाय मागे जायला पूर्वीपेक्षा अर्धा क्षण उशीर होत होता. चार वर्षं बाहेरच्या मल्लांशी लढतच नाही मिळाली तर तो अर्धा क्षण कुठून आणणार? टोकियोला जाता आलं नाही.

एप्रिल २०२४ मध्ये कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा तो अध्यक्ष म्हणून निवडून आला. खेळाडूंच्या तक्रारी ऐकायच्या, अशी ती जागा. मला त्याचा आनंद झाला. शिबिरात एकटं पडणं म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

---

शिरीष_भोर

पॅरिसला पुन्हा तोच लवाद आठवतोय ना? विनेश फोगाट, ५० किलो, अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त. तेव्हा आपले नागपूरचे हरीश साळवे तिच्या बाजूनं उभे राहिले, तरी १४ ऑगस्ट २०२४ ला अर्ज फेटाळला गेला. इतका मोठा वकील असूनही नियमापुढे काही चाललं नाही. मृणालताई म्हणतात तसं तज्ज्ञ नेला असता तर नरसिंग सुटला असता, याची मला तरी खात्री वाटत नाही.

---

अॅड_मृणाल

सुटलाच असता असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही प्रकरणं एकसारखी नाहीत. विनेशच्या बाबतीत वजनकाट्याबद्दल वादच नव्हता, नियम कठोर आहे का एवढाच प्रश्न होता. नरसिंगच्या बाबतीत काय घडलं हाच वाद होता. घटनेचा वाद पुराव्यानं फिरू शकतो.

आणखी एक. तेव्हा नाडाच्या पाठीशी स्वतंत्र कायदा नव्हता. २०२२ साली संसदेनं राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा केला, सुनावणी आणि अपिलाची समिती त्यात आली. कागदावर आपण पुढे आलोय. तालुक्याच्या तालमीपर्यंत काय पोचलंय ते लाल मातीच सांगू शकतील.

---

सुनंदा_जगताप

धागा आजच वाचला. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, यंदा त्याला कोल्हापूरला तालमीत ठेवलाय. भीती वाटायला लागली. आईबापांनी नेमकं काय बघायचं? तो सर्दीखोकल्याला साधं औषध घेतो त्यानंही असं होतं का?

---

मिरजेचा_औषधवाला

सुनंदाताई, घाबरू नका. तेराव्या वर्षी डाळ, दूध, अंडी, बदाम याशिवाय कशाचीच गरज नसते, डबा कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ते स्पर्धेच्या दिवसांत ठरावीक प्रमाणाबाहेर चालत नाही. डॉक्टरांना आधीच सांगा की मुलगा स्पर्धा खेळतो. नाडाचं 'नो युवर मेडिसिन' (Know Your Medicine) नावाचं ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघता येतं. चिठ्ठ्या आणि बिलं एका पिशवीत ठेवत जा. दम्यासारखा आजार असेल तर परवानगीचा वेगळा अर्ज असतो, तो औषध सुरू करण्याआधी करायचा.

---

लाल_माती

मृणालताईंच्या प्रश्नाचं उत्तर: आमच्या तालमीपर्यंत आजवर एकही माणूस हे सांगायला आलेला नाही. जे काही केलं ते वस्तादांनी स्वतःहून केलं.

बंदीच्या बातमीनंतर ते चार दिवस तालमीत आले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते बोहारणीकडून घेतलेल्या स्टीलच्या बावीस बाटल्या घेऊन. प्रत्येकीवर पठ्ठ्याचं नाव कोरून आणलं होतं. कुंडी तीच राहिली, थंडाई एकत्रच घोटतात, पण गाळल्यावर ज्याच्या त्याच्या बाटलीत ओततात. बाटली उघडी ठेवून मातीत उतरायचं नाही, उतरायचं असेल तर उरलेलं ओतून द्यायचं. पहिल्या महिन्यात पोरं कुरकुरली. एकानं विचारलं, "वस्ताद, आमचा एकमेकांवर इस्वास नाय व्हय?" वस्ताद म्हणाले, "इस्वास हाय म्हणूनच. उद्या काय झालं तर तू त्याच्याकडं बोट दाखवायला नको."

सुनंदाताई, मुलाला एक बाटली पाठवा, नाव कोरून.

वैशालीताईंनी व्यक्तिगत निरोपातून कळवलंय, भाचा रविवारी येतोय.